ब्राह्मणपुरीची दादर आणि देशाचे कोठार

शहादा तालुक्यात ब्राह्मणपुरीच्या बाजूला उत्तरेला सातपुडा दिसतो आणि दक्षिणेला काळी जमीन तापीकडे उतरत जाते. मधल्या पट्ट्यात केळी, पपई, कापूस, ऊस. खानदेशातल्या चांगल्या जमिनींपैकी ही जमीन. तरीही इथल्या पुष्कळ घरांत चुलीवर शिजणारा गहू आणि तांदूळ रेशनच्या दुकानातून येतो, म्हणजे भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून, म्हणजे बऱ्याचदा पंजाब, हरियाणा किंवा मध्य प्रदेशातून. डाळ किराण्यातून येते, आणि ती कधी म्यानमारची असते तर कधी मोझांबिकची. तेलाचे तर विचारूच नका. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो.

यात लाज वाटण्यासारखे काही नाही. प्रत्येक गाव आपले सगळे अन्न आपणच पिकवील, ही कल्पना कविता म्हणून बरी. पण देशाची अन्नव्यवस्था दुष्काळ, अवकाळी आणि बाजाराचे धक्के सोसून उभी कशी राहील, हा प्रश्न दिल्लीत चर्चेला येतो तेव्हा तो गोदामातल्या टनांचा प्रश्न होतो. ब्राह्मणपुरीसारख्या गावातून पाहिले तर तो वेगळाच दिसतो. धक्का बसतो तेव्हा तो शेवटी कोण सोसतो, एवढाच.

खानदेशाला हा प्रश्न नवा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेना, आणि इंग्रजांची नजर खानदेश-वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीवर पडली. कापसाचे भाव आभाळाला भिडले, कपाशीचा पेरा वाढला, धान्य महाग झाले. युद्ध संपले तसे भाव कोसळले. हातात आलेला पैसा गेला, कर्ज मात्र राहिले. समुद्रापलीकडच्या लढाईने इथल्या शेतकऱ्याचे गणित बिघडवण्याची ती पहिली मोठी वेळ असावी. पुढे १८९९-१९०० चा छप्पन्या दुष्काळ आला. तोवर आगगाडी होती, धान्य आणता येत होते. ते विकत घ्यायला लोकांकडे पैसा नव्हता. दुष्काळ म्हणजे नुसता धान्याचा तुटवडा नसतो, रोजगाराचा आणि क्रयशक्तीचा तुटवडा असतो, हा धडा सरकारदरबारी तेव्हाच लिहिला गेला. अंमलात यायला मात्र तीन पिढ्या लागल्या.

शहादा तालुक्यापुरते सांगायचे तर या इतिहासातली सर्वांत बोचरी नोंद १९७१ ची आहे. त्या वर्षी मे महिन्यात पाटीलवाडीत धान्यावरून संघर्ष पेटला. भुकेल्या भिल्ल मजुरांना धान्य हवे होते, ते ज्यांच्या घरात होते त्यांच्याकडून गोळीबार झाला, आणि एका आदिवासीचा जीव गेला. त्यातून आदिवासी नेते अंबरसिंग महाराज, सर्वोदयी कार्यकर्ते आणि १९७२ मध्ये उभी राहिलेली श्रमिक संघटना यांची चळवळ वाढली. तालुक्यात तेव्हा धान्य नव्हते असे नाही. ते कोणाच्या कोठीत होते, हा प्रश्न होता.

त्या काळची एक रीत इथे सांगायला हवी, कारण ती विसरली गेली आहे. खानदेशात सालदार आखाजीला ठरतो. एका अक्षय तृतीयेपासून दुसऱ्या अक्षय तृतीयेपर्यंत एका शेतकऱ्याकडे राबायचे. पूर्वी त्याच्या सालात रोख रकमेबरोबर धान्य ठरलेले असे, इतके मण ज्वारी म्हणून. सालदारी ही काही आदर्श व्यवस्था नव्हती. कर्जात अडकलेला माणूस वर्षानुवर्षे त्याच दारात राही, आणि चळवळ उभी राहिली ती याच अन्यायाविरुद्ध. पण धान्यात ठरलेल्या मजुरीला एक गुण होता. बाजारात ज्वारी दुप्पट महाग झाली तरी सालदाराच्या कणगीतली ज्वारी तेवढीच राही. आज साल रोखीत ठरते. मजुरी वाढली हे खरे, आणि ती वाढायलाच हवी होती. पण महागाईचा धक्का आता थेट मजुराच्या ताटापर्यंत पोचतो. तिथे त्याला अडवायला रेशन आहे, दुसरे काही नाही.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला दोन गोष्टी दिल्या. एक, मदत म्हणून मिळालेल्या सुकडी आणि मिलो ज्वारीची आठवण, जी आजही सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या बोलण्यात येते. दुसरी, रोजगार हमी. वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना त्या दुष्काळात राज्यभर वापरली गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, कामाचा दाम. छप्पन्या दुष्काळातला धडा अखेर कायद्यात आला. त्यानंतर महाराष्ट्रात दुष्काळ अनेक आले, पण उपासमारीने गावे ओस पडली नाहीत. देशाच्या अन्नव्यवस्थेच्या बळकटीचा आढावा घेताना आपण बांधलेल्या या भक्कम भिंतीचे श्रेय द्यायलाच हवे.

दुसरी भिंत म्हणजे सरकारी साठा आणि २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबातल्या माणशी ५ किलो. आधी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरडधान्य १ रुपया किलो आणि जानेवारी २०२३ पासून सगळे मोफत. करोनाच्या काळात ही व्यवस्था नसती तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. ज्यांना रेशन म्हणजे फुकटेगिरी वाटते त्यांनी २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत नंदुरबारच्या रस्त्यांवरून पायी चाललेले मजूर आठवावेत. आणखी एक गोष्ट याच जिल्ह्याशी जोडलेली आहे. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्याच टेंभली गावात दिले गेले. पुढे रेशनचा अंगठा त्याच आधारवर आला. आणि एका राज्याचे रेशन कार्ड दुसऱ्या राज्यात चालावे याची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या दोन जोड्यांनी झाली, त्यांतली एक महाराष्ट्र-गुजरात होती. दिवाळीनंतर बारडोली-सुरतेच्या बाजूला ऊसतोडीला जाणाऱ्या नंदुरबारच्या कुटुंबाला याचा अर्थ पंडितांपेक्षा चांगला कळतो. मात्र अंगठा उमटला नाही, रेंज नाही, दुकानदार म्हणतो माल तुमच्या गावचा तिकडेच घ्या, या तक्रारीही त्यालाच जास्त माहीत आहेत.

भिंती भक्कम आहेत, मग चिंता कसली? गेल्या काही वर्षांत हवामान आणि बाजार या दोघांनी एकाच वेळी घाव घातले, तेव्हा या व्यवस्थेने स्वतःला वाचवले. आणि वाचवताना भार शेतकऱ्याच्या अंगावर टाकला.

२०२२ चा मार्च हा भारतात १२२ वर्षांतला सर्वांत उष्ण मार्च ठरला. गव्हाचा दाणा भरण्याच्या वेळीच पंजाब-हरियाणात उष्णतेची लाट आली. त्याच्या महिनाभर आधी रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाले होते आणि जगात गहू महागला होता. एप्रिलमध्ये आपण जगाला अन्न पुरवू अशी भाषा होती, १३ मे रोजी गव्हाची निर्यात बंद झाली. सप्टेंबरमध्ये तुकडा तांदूळ, जुलै २०२३ मध्ये बिगरबासमती पांढरा तांदूळ. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट निघाला, आणि त्याच महिन्यात कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. ८ डिसेंबरला तर कांद्याची निर्यातच बंद झाली. ती उठली ४ मे २०२४ ला, लोकसभेचे मतदान चालू असताना. १ एप्रिल २०२४ रोजी सरकारी गोदामांत गव्हाचा साठा ७५ लाख टनांवर आला होता, सोळा वर्षांतला नीचांक. साठा इतका खाली गेल्यावर सरकारने घाबरू नये असे कोण म्हणेल? पण घाबरणे वेगळे आणि रात्रीत आदेश काढणे वेगळे. ज्याने निर्यातीच्या भावावर कांदा चाळीत ठेवला, त्याचा हिशेब एका रात्रीत बदलतो आणि त्याची भरपाई कुठल्याच विम्यात नसते.

तुरीचे पाहा. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, चव म्हणाल तर खाल्लेल्यालाच कळेल. २०२३ मध्ये तूर महाग झाली म्हणून साठ्यावर मर्यादा आल्या, आयात शुल्कमुक्त राहिली, डिसेंबरपासून पिवळा वाटाणाही विनाशुल्क येऊ लागला. २०२४-२५ मध्ये देशाने ७० लाख टनांहून अधिक कडधान्ये आयात केली. आणि २०२५ च्या सुरुवातीला नवी तूर बाजारात आली तेव्हा भाव ७,५५० रुपयांच्या हमीभावाखाली गेला. शहरातल्या ग्राहकाला आमटी परवडली, हे चांगलेच झाले. पण पुढच्या वर्षी तूर पेरायची की नाही, हे ठरवणारा माणूस त्या ग्राहकाच्या घरात राहत नाही. कडधान्यात स्वावलंबन आणि कडधान्याची मोकळी आयात ही दोन वाक्ये एकाच भाषणात येतात, याचे आता कोणाला आश्चर्यही वाटत नाही.

म्हणून शेतकरी काय करतो? तो अन्नधान्यापासून लांब जातो. शहादा पट्ट्यात पपई वाढली त्याचे हेही एक कारण आहे. तैवान ७८६ ची रोपे फेब्रुवारी-मार्चमध्ये लावायची, वाढत्या उन्हापासून वाचवायला प्रत्येक रोपावर पांढऱ्या कापडाचे कव्हर घालायचे, ठिबकवर पाणी द्यायचे, विषाणू आला तर नशिबाला दोष द्यायचा. हंगामात माल उत्तरेकडे जातो. तोडणीवाले मजूर फळ झाडावरून उतरवतात, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळतात, ट्रकमध्ये थरावर थर लावतात. दिल्लीकडे धुके पडले, ट्रक अडकले, गारठ्यात गिऱ्हाईक कमी झाले की व्यापाऱ्याचा फोन येतो: आज तोडू नका. झाडावर पिवळी पडलेली पपई दुसऱ्या दिवशी वाट पाहत नाही. पपईच्या दरासाठी शहाद्याच्या बाजार समितीत शेतकरी आणि व्यापारी यांच्या बैठका होतात, किलोमागे रुपया-दोन रुपयांवरून ताणाताणी होते, तोडणी थांबते, पुन्हा सुरू होते. पपईला हमीभाव नाही आणि साठवणही नाही. पण चार वर्षांपैकी एखाद्या चांगल्या वर्षात ती जे देते ते ज्वारी दहा वर्षांत देत नाही. पपई लावणाऱ्याला हावरट म्हणणाऱ्याने आधी त्याचा हिशेब मांडून पाहावा.

नंदुरबारची मिरची हे दुसरे उदाहरण. शहराबाहेरच्या मोकळ्या रानांवर ओली लाल मिरची पसरलेली असते. तिला इथे पथारी म्हणतात. बायका दिवसभर बसून देठ खुडतात, मिरची उलथतात. तिच्या खाटाने डोळ्यांतून पाणी येते, तोंडाला पदर बांधलेला असतो. ही सगळी व्यवस्था एका गृहीतावर उभी आहे: दिवाळीनंतर पाऊस येत नाही. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस तो आला, आणि पथारीवरची मिरची भिजली. त्या आधीही आला होता, पुढेही येईल. देशातल्या नामांकित मिरची बाजारांपैकी एकाचा वाळवणाचा कारखाना म्हणजे उघडे आकाश. यंत्राने वाळवण्याची सोय, निदान छताखालचे ओटे, यांवर जितका खर्च लागेल त्याहून जास्त रकमेची मिरची एखाद्या अवकाळीत जात असावी, असा माझा अंदाज आहे. आणि मिरची भिजली की आधी रोज बुडतो तो देठ खुडणाऱ्या बाईचा, हे पंचनाम्यात येत नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात. तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज झाले, पाणी अडले. काठावरच्या २२ सहकारी उपसा सिंचन योजना मात्र वर्षानुवर्षे बंद पडून राहिल्या, त्यांच्या दुरुस्तीचे घोंगडे भिजत पडले. नदीत पाणी दिसते, शेतात कूपनलिका खोल जाते. हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठी जागतिक बँकेच्या मदतीने आलेल्या पोकरा योजनेच्या पहिल्या टप्प्यातल्या १५ जिल्ह्यांत खानदेशातला जळगाव होता, नंदुरबार नव्हता.

विम्याची कथा त्याहून लहान आहे. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीकविमा दिला, बोगस अर्जांचा बोभाटा झाला, २०२५ मध्ये तो बंद झाला. त्याबरोबर स्थानिक आपत्ती, पेरणी न होणे, काढणीनंतरचे नुकसान हे भरपाईचे निकषही गेले आणि मंडळातल्या पीककापणी प्रयोगावर सगळे आले. एका शेतात गारपीट आणि शेजारच्या शेतात ऊन, अशा काळात मंडळाची सरासरी धरणे म्हणजे हवामान बदलाकडे पाठ करून बसणे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाडा बुडाला आणि सरकारला ३१ हजार कोटींच्या पुढचे पॅकेज जाहीर करावे लागले. विमा आखडता घेतला तरी खर्च टळत नाही.

आता दादरकडे. खानदेशातली ही रब्बी ज्वारी पाऊस ओसरल्यावर काळ्या जमिनीत पेरतात. जमिनीतल्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या दवावर ती वाढते, पाणी मागत नाही. खरिपातली संकरित ज्वारी कणसात असताना परतीचा पाऊस लांबला की दाणा काळा पडतो आणि व्यापारी त्याला हात लावत नाही. दादर त्या वेळी नुकती उगवत असते. म्हणजे पाऊस जसा पुढे सरकतो आहे, त्या काळाला जुळणारे हे पीक आहे. भाकरी पांढरी, कडबा सकस. दोषही सांगतो: चिकटा पडतो, पाखरे राखावी लागतात, काढणीला मजूर मिळत नाही, आणि जानेवारी-फेब्रुवारीत वादळी पाऊस आला तर पीक आडवे होते. उत्पन्न केळीच्या जवळपासही जात नाही. एके काळी महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर ज्वारी होती. आज त्यातला थोडाच हिस्सा उरला आहे. शेतकऱ्याने ज्वारी सोडली, कारण आपण तिला सोडले. रेशनवर पन्नास वर्षे गहू-तांदूळ दिला, मुलांची जीभ त्यावर वाढली, आणि मग २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे करताना तिला श्री अन्न म्हटले.

ब्राह्मणपुरीच्या उत्तरेला डोंगर चढून धडगावच्या बाजूला गेले की चित्र बदलते. तिथे मका, ज्वारी, भगरीची अनेक देशी वाणे अजून शेतात आहेत. बाएफ संस्थेच्या मदतीने तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी याहामोगी मातेच्या नावाने बियाणे संवर्धन समिती उभी केली, वाणे गोळा केली, वाढवली, वाटली. उतारावरच्या मुरमाड जमिनीत, कमी पावसात, खताशिवाय येणारे बियाणे ही उद्याच्या हवामानाची खरी ठेव आहे. आणि ज्यांच्या हातात ही ठेव आहे त्यांचीच मुले कुपोषित आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नंदुरबार जिल्ह्यात पाच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी निघाले. निती आयोगाच्या २०२१ च्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात जिल्ह्यातले ५२ टक्के लोक गरीब मोजले गेले, राज्यात सर्वाधिक. देशाचे कोठार त्याच वर्षांत भरून वाहत होते. ५ किलो गहू-तांदळाने पोट भरते. वजन वाढायला डाळ, तेल, अंडे, भाजी लागते, आणि बाजाराच्या धक्क्यात आधी महाग होते तेच. २०१५ पासून आदिवासी भागात चालणारी अमृत आहार योजना गरोदर आणि स्तनदा मातांना गरम जेवण, लहान मुलांना अंडी देते. तिचा दर महागाईबरोबर वाढत नाही, तेव्हा अंगणवाडीताईला उसनवारी करावी लागते.

जगाकडे पाहिले तर उपाय सापडतात आणि इशारेही. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खते बंद केली, भात घटला, वर्षभरात देश रस्त्यावर आला. आपण २०२२ मध्ये खते महागली तेव्हा डीएपीच्या गोणीवर अडीच हजार रुपयांचे अनुदान देऊन शेतकऱ्याला १,३५० रुपयांत दिली. शहाणपणाचे होते, पण पालाश संपूर्ण बाहेरून आणणारा देश हे किती वेळा करू शकेल? जपानसारख्या श्रीमंत देशाला २०२५ मध्ये तांदळाचा भाव आवरायला सरकारी राखीव साठा बाजारात काढावा लागला. ओडिशाचे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. २०१७ पासून तिथल्या सरकारने आदिवासी भागातली नाचणी हमीभावाने खरेदी केली, त्याच भागात रेशनवर दिली, अंगणवाडीत तिचे लाडू दिले. शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळाले, मुलाला अन्न, आणि ट्रकचा खर्च वाचला.

महाराष्ट्राला हे करायला कायदा आडवा येत नाही. अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने नियम सैल करून खरेदी केलेली ज्वारी वाटायला जास्त मुदत दिली. राज्यातही काही जिल्ह्यांत अधूनमधून रेशनवर ज्वारी आली आहे. अडचण अधूनमधून या शब्दात आहे. यंदा घेणार, पुढच्या वर्षी बघू, अशा खरेदीवर कोणी पीकपद्धत बदलत नाही. नंदुरबारची दादर आणि भगर नंदुरबारच्याच रेशन दुकानांत, आश्रमशाळांत आणि अंगणवाड्यांत पाच वर्षांच्या हमीने घेतली तर पपईवाला पपई सोडणार नाही, सोडूही नये. पण एक-दोन एकर दादर तो ठेवील, आणि कोरडवाहू शेतकरी तर नक्कीच ठेवील. पंजाबातल्या एका उष्ण मार्चवर सगळ्या देशाचे ताट अवलंबून राहू नये, याची सुरुवात अशा ठिकाणांहून होते. पंजाबचा गहू नको असे यात कुठेच नाही.

निर्यातबंदीच्या बाबतीतही एकच मागणी आहे: साठा किती खाली आला की काय होईल, हे पेरणीआधी लिहून जाहीर करा. बंदी घाला, पण तिची पायरी आधी सांगा.

आणि एक अगदी किरकोळ वाटणारी गोष्ट. दादर फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, आखाजीच्या आधी लहान शेतकऱ्याला पैसा लागतो, म्हणून तो ती लगेच विकतो. हमीभावाचे ज्वारी खरेदी केंद्र बऱ्याचदा उन्हाळा अर्धा सरल्यावर उघडते आणि तोवर माल व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेला असतो. जिल्हाधिकारी आणि पणन विभागाने बाकी काही केले नाही तरी चालेल, शहाद्याचे केंद्र येत्या फेब्रुवारीत उघडावे, आणि बारदान संपले म्हणून बंद करू नये.